शेणकिड्याचा हिशेब

२० जुलै २०२० रोजी छत्तीसगडात शेणाला सरकारी भाव मिळाला. महाराष्ट्रात ज्या दिवशी दीपअमावास्या असते, त्या दिवशी इकडे हरेली हा शेतकऱ्यांचा सण असतो. त्या मुहूर्तावर राज्य सरकारने ‘गोधन न्याय योजना’ सुरू केली आणि गावोगावच्या गौठानांत, म्हणजे गुरे एकत्र ठेवण्याच्या सामाईक जागांत, दोन रुपये किलो दराने शेणाची खरेदी होऊ लागली. त्या शेणापासून गांडूळखत तयार करायचे, अशी कल्पना होती. कोणी किती किलो शेण आणले आणि त्याचे किती पैसे झाले, याची नोंद होऊ लागली. मी भिलाईत राहतो. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यापासून हे गाव टनांत मोजल्या जाणाऱ्या पोलादासाठी ओळखले जाते. अशा गावात किलोच्या मापाने शेण मोजले जाण्याच्या बातमीवर बरेच विनोद झाले. त्यांत थोडे माझेही होते.

पुढे एका पावसाळ्यात गावाबाहेरच्या माळावर फिरताना एका ताज्या पोपाशी थांबलो. संध्याकाळची वेळ होती. शेणाचा तो पो आतून हलत होता. कडेची माती वर येत होती, काळे चकचकीत भुंगे येऊन धडकत होते आणि शेणात बुडी मारत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हा पोच्या जागी भुसभुशीत मातीचे ढीग आणि वाळलेल्या काड्यांचा एक पातळ थर एवढेच शिल्लक होते. रात्रीतून एवढे शेण गेले कुठे, हा प्रश्न मला भौतिकशास्त्रातला वाटला, कारण वस्तुमान नाहीसे होत नसते. ते जमिनीखाली गेले होते. गौठानातल्या नोंदीत शेण आणणाऱ्याचे नाव होते, पण शेण हे ज्याचे अन्न, घर आणि पाळणाही आहे, त्या शेणकिड्याचे नाव कुठल्याच नोंदीत नव्हते. माणसाने या किड्याकडे आजवर कसे पाहिले, याचा इतिहास मी त्या दिवसापासून वाचू लागलो. हा लेख त्या वाचनाचा गोषवारा आहे.

हा इतिहास गाईपासून सुरू होत नाही. गाय पृथ्वीवर फार उशिरा आली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या लॅमेटा खडकांत डायनोसॉरांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवाश्मांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. त्यांना आत गवताचे सिलिकायुक्त कण आढळले आणि २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केले. गवत ही डायनोसॉरांच्या नंतरची गोष्ट आहे, हा तोवरचा समज विदर्भातल्या या विष्ठेने खोटा ठरवला. त्याआधी, १९९६ साली, अमेरिकेतील माँटाना राज्यातील सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच जीवाश्मांत केरन चिन आणि ब्रूस गिल यांना शेणकिड्यांनी केलेल्या बिळांसारख्या खुणा आढळल्या होत्या. तेव्हा शेण खाणारे किडे हे माणसाच्या आणि गोठ्याच्याच नव्हे, तर गाईच्याही कितीतरी आधीचे आहेत. चरणारे प्राणी आले, गेले, बदलले. त्यांच्या मागे साफसफाई करणारी ही जमात मात्र टिकून राहिली.

माणसाने तिची पहिली ठळक नोंद केली ती देव म्हणून. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी शेणाचा गोळा लोटत जाणारा स्कॅरॅब पाहिला आणि आकाशातून सूर्याचा गोळा लोटणारा ‘खेप्री’ हा देव कल्पिला. जमिनीत पुरलेल्या गोळ्यातून काही दिवसांनी नवा भुंगा बाहेर येतो, यात त्यांना पुनर्जन्म दिसला. दगडात आणि चिनीमातीत घडवलेले हे भुंगे ताईत म्हणून जिवंत माणसाच्या अंगावर आणि मृताच्या छातीवर ठेवले जात. आपल्या भाषेने या किड्याला असा मान दिला नाही. ‘शेणातला किडा’ ही आपल्याकडे शिवी आहे. जो शेणातच सुख मानतो, त्याला वरचे जग कळत नाही, असा तिचा अर्थ. हा अर्थ किती चुकीचा आहे, हे पुढे येईलच.

देवत्व आणि शिवी यांच्या मधली वाट निरीक्षणाची आहे. ती धरणारा सर्वांत चिकाटीचा माणूस म्हणजे फ्रान्सचा जाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५). त्याच्या कीटकविषयक आठवणींचा पहिला खंड १८७९ साली निघाला आणि त्याची सुरुवातच या पवित्र भुंग्यापासून होते. लोटला जाणारा प्रत्येक गोळा पिलासाठी असतो, असे तेव्हा मानले जाई. फाब्रने दाखवले की बहुतेक गोळे ही भुंग्याची स्वतःची शिदोरी असते. एका भुंग्याला गोळा लोटायला मदत करणारा दुसरा भुंगा हा सद्गुणी मित्र समजला जाई. तो बहुधा संधी साधून गोळा पळवणारा चोर असतो, हेही त्यानेच पाहिले. मग अंडे असते कुठे? याचे उत्तर त्याला अनेक वर्षे सापडले नाही. शेवटी एका मेंढपाळ पोराने जमिनीतून खणून काढलेली पेरूच्या आकाराची वस्तू आणून दिली. मादी जमिनीखाली शेणाला असा आकार देते आणि निमुळत्या टोकाशी एक अंडे घालते. अळी बाहेर येते ती अन्नाच्या मध्यभागीच. आतले शेण खात ती वाढते, कोष करते आणि पावसाने कवच मऊ झाले की भुंगा बाहेर पडतो.

सर्वच शेणकिडे गोळे लोटत नाहीत. त्यांच्या राहणीचे ठळक तीन प्रकार आहेत. काही गोळा करून दूर नेतात. काही पोच्या बुडाशीच बोगदा खणून शेण खाली ओढतात. आपल्या शेतांत आणि माळांवर यांचीच संख्या मोठी असते. काही शेणातच राहतात आणि तिथेच वाढतात. इतर कीटक शेकड्यांनी अंडी घालतात, तर बोगदे खणणाऱ्या अनेक जातींची मादी मोजकी अंडी घालते आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र शिधा भरते. काही जातींत आई पिले बाहेर पडेपर्यंत जवळ थांबते. बोगद्यातल्या मादीसाठी नरांत झुंजी होतात; म्हणून अनेक नरांना शिंगे असतात. ‘ऑन्थोफॅगस टॉरस’ या जातीचा नर स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट भार ओढू शकतो, असे २०१० साली मोजले गेले. मात्र ज्या किड्याची मादी जन्मभरात मोजकीच पिले वाढवते, त्याची संख्या एकदा घटली की भरून यायला वेळ लागतो. हे वाक्य वाचकाने लक्षात ठेवावे.

भारतातल्या शेणकिड्यांचा पहिला मोठा शास्त्रीय आढावा १९३१ साली आला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गिल्बर्ट ॲरो यांनी ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत त्यांच्यावर एक संपूर्ण खंड लिहिला. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या शेणकिड्यांपैकी ‘हेलिओकॉप्रिस’ हा हत्तीसारख्या मोठ्या प्राण्यांच्या विष्ठेवर जगतो. तो शेणाच्या गोळ्यावर मातीचा जाड लेप देऊन तो खोल पुरतो. भारतात हे कठीण, गोल गोळे जमिनीत प्रथम सापडले तेव्हा ते जुन्या लढायांतले दगडी तोफगोळे समजले गेले, अशी हकीकत कीटकशास्त्राच्या पुस्तकांत सांगितली जाते. मला ती बोलकी वाटते. आपल्या पायाखाली एक आई पिलासाठी घर बांधत होती आणि आपल्याला त्यात लढाई दिसली. स्वातंत्र्यानंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने या जातींच्या नोंदी पुढे नेल्या. मध्य भारतातले काम तिच्या जबलपूर केंद्राने केले. केरळात पश्चिम घाटातील शेणकिड्यांचा अभ्यास थॉमस साबू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला. नावे आणि याद्या तयार झाल्या. पण हा किडा नसला तर काय होईल, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, कारण तो नव्हता असे इथे कधी झालेच नाही.

ते झाले ऑस्ट्रेलियात. १७८८ साली इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर मोजकी गुरे तिथे उतरली. पुढे त्यांची संख्या कोट्यवधींवर गेली. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. तिथले मूळचे शेणकिडे कांगारूच्या लहान, कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गाईचा मोठा, ओला पो त्यांतल्या बहुतेकांना पेलणारा नव्हता. त्यामुळे पो जिथे पडे तिथेच वाळून महिनोन्‌महिने राही. त्याखालचे गवत मरे आणि भोवतालच्या गवताला गुरे तोंड लावत नसत. ओल्या शेणात माश्यांची पैदास इतकी होई की तोंडापुढे हात हलवणे हा त्या देशाचा नित्याचा हावभाव झाला.

१९५०च्या सुमारास हंगेरीहून तिथे गेलेल्या जॉर्ज बोर्नेमिसा या कीटकशास्त्रज्ञाने हे शेण पाहिले आणि त्याला आपल्या देशातली कुरणे आठवली. तिथे असे शेण पडून राहत नसे. इथे पोच्या खाली कोणी काम करत नाही, हे त्याने ओळखले. त्याच्या आग्रहातून तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेने १९६५ ते १९८५ असा वीस वर्षांचा प्रकल्प चालवला. दक्षिण आफ्रिकेत केंद्र उघडून योग्य जाती निवडल्या. रोगराई सोबत येऊ नये म्हणून किडे न आणता त्यांची अंडी आणली, ती निर्जंतुक केली आणि हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवून वाढवली. एकूण ४३ जाती मोकळ्या सोडल्या आणि त्यांतल्या २३ तिथे स्थिरावल्या. अनेक भागांत माश्या कमी झाल्या आणि कुरणे मोकळी झाली. ज्या कामासाठी एका देशाला वीस वर्षे आणि समुद्रापार केंद्र लागले, ते काम भिलाईबाहेरच्या माळावर माझ्यासमोर एका रात्रीत फुकट झाले होते.

त्या कामाचे मोल काय, ते थोडक्यात सांगतो. उघड्यावर पडलेल्या शेणातला नायट्रोजन बऱ्याच प्रमाणात अमोनिया होऊन हवेत जातो; पुरलेल्या शेणातला मुळांजवळ राहतो. बोगद्यांमुळे जमिनीत हवा आणि पावसाचे पाणी जिरते. माश्यांच्या अळ्यांना आणि गुरांच्या पोटातल्या जंतांना शेणात वाढायला वेळ मिळत नाही. शेणातल्या बिया जमिनीत जातात. पोच्या आत हवा नसते, म्हणून तिथे मिथेन तयार होतो. किड्यांनी पोखरलेल्या पोतून तो कमी बाहेर पडतो, असे फिनलंडमध्ये २०१३ साली मोजले गेले. गांडूळखताच्या टाकीत जे घडावे म्हणून आपण शेण विकत घेतो, त्यातले पुष्कळसे हा किडा शेतातच करून ठेवतो.

आता त्या शिवीकडे वळतो. शेणातल्या किड्याला वरचे जग कळत नाही, असे आपण म्हणतो. पोपाशी चोरांची गर्दी असते. म्हणून गोळा मिळाला की सरळ रेषेत दूर जाणे शहाणपणाचे असते. वाट वाकली तर भुंगा पुन्हा त्याच गर्दीत येतो. ही सरळ रेषा तो आकाशावरून आखतो. सूर्य किंवा चंद्र यांचा प्रकाश हवेच्या रेणूंवरून विखुरतो तेव्हा त्याचे ध्रुवीभवन होते, म्हणजे प्रकाशलहरींचे कंपन एका ठरावीक दिशेत अधिक होते. त्याचा नकाशा साऱ्या आकाशावर पसरलेला असतो. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण अनेक कीटकांना दिसतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून मुंबईला परतत असताना ‘नारकुंडा’ बोटीवर निकोल लोलक डोळ्याला लावून समुद्राकडे पाहत होते. लोलकाने परावर्तित प्रकाश गाळून त्यांनी दाखवले की समुद्राचा निळा रंग ही केवळ आकाशाची छाया नाही. रामनना जे साधन हातात धरावे लागले, त्याच धर्तीची रचना या किड्याच्या डोळ्याच्या वरच्या कडेला निसर्गतः असते.

स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की आफ्रिकेतील एक शेणकिडा चंद्रप्रकाशाचे ध्रुवीभवन वाचतो. सूर्याभोवतीच्या नकाशाच्या मानाने ते सुमारे दहा लाख पट मंद असते. किड्याच्या डोक्यावर ध्रुवक फिरवला की तोही वळे. मग चंद्र नसलेल्या रात्रीही ‘स्कॅरॅबियस सॅटायरस’ ही जात सरळ चालते, हे दिसले. संशोधकांनी तिच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या छोट्या टोप्या घातल्या. आकाश झाकले गेल्यावर तिची वाट भरकटली. जोहान्सबर्गच्या तारांगणात केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखवला तरी तिला दिशा सापडली. २०१३ साली हे प्रसिद्ध झाले. आकाशगंगेवरून दिशा ठरवणारा हा प्राणिसृष्टीतला पहिला नोंदलेला जीव आहे. वरचे जग त्याला कळते. आपल्यातल्या किती जणांनी यंदा आकाशगंगा पाहिली, हे आपणच आठवावे.

भिलाईत ती पाहणे सोपे नाही. माझ्या लहानपणी रात्री कारखान्यात तापलेला स्लॅग ओतला की क्षितिज तांबूस होई आणि आम्ही ते कौतुकाने पाहत असू. आता त्याची गरजच उरलेली नाही. दुर्ग ते रायपूर हा सगळा पट्टा रात्रभर उजळलेला असतो. २०२१ साली डाके यांच्याच गटाने जोहान्सबर्गच्या उजळ आकाशाखाली या किड्यांची चाचणी घेतली. तिथे किड्यांनी आकाशाचा नकाशा सोडून दिला आणि जमिनीवरच्या दिव्यांच्या रोखाने वाटचाल केली. जे वेगवेगळ्या दिशांना पांगायचे, ते सारे दिव्यांकडेच निघाले.

दुसरा धोका औषधाचा आहे. जंतांवरचे आयव्हरमेक्टिन १९८१ साली जनावरांसाठी बाजारात आले. त्याचा शोध लावणारे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते. या औषधाने कोट्यवधी माणसांना अंधत्वापासून वाचवले. पण जनावराला दिलेल्या मात्रेचा मोठा भाग शेणातून बाहेर पडतो आणि तिथे शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरतो. १९८७ साली ब्रिस्टलच्या वॉल आणि स्ट्राँग यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की ज्या वासरांच्या पोटात औषध दीर्घकाळ झिरपत होते, त्यांचे शेण कुरणात न कुजता पडून राहिले. आपल्याला अशी गोष्ट नवी नाही. डायक्लोफिनॅक हे गुरांच्या दुखण्यावरचे औषध गिधाडांचा नाश करते, हे २००४ साली कळले आणि २००६ साली भारताने त्याचा पशुवैद्यकीय वापर थांबवण्याचे पाऊल उचलले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९० टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली होती. गिधाड आकाशात दिसते, तरी आपल्याला उशीर झाला. शेणकिडा तर जमिनीखाली असतो.

याचा अर्थ जंतांचे औषध देऊ नये किंवा शेण विकू नये असा नाही. गोवऱ्या थापणाऱ्या बाईला इंधन हवे, शेण आणून देणाऱ्याला दोन रुपये हवेत, आणि जंतांनी खंगलेल्या बैलाला औषधही हवे. पण पशुवैद्याच्या सल्ल्याने, गरज असलेल्या जनावरालाच औषध द्यावे, आणि शेणकिड्यांच्या ऐन धामधुमीच्या पावसाळी महिन्यांत, शक्य असेल तेव्हा, त्या जनावरांचे पहिल्या काही दिवसांचे शेण माळावर पडू देऊ नये. चराईच्या माळावरचे सगळेच शेण उचलू नये. काही जमिनीसाठी सोडावे. एवढ्याने कोणाचे नुकसान होत नाही.

विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. या पावसाळ्यात अलीकडे जंतांचे औषध न घेतलेल्या गाईचे ताजे शेण घ्या. हातमोजे घालून एकेक किलोचे चार पो माळावर ठेवा. दोन उघडे ठेवा आणि दोन बारीक जाळीने, कडा मातीत दाबून, झाका. सात दिवस रोज छायाचित्र काढा, उघड्या पोभोवती मातीचे किती ढीग वर आले ते मोजा आणि शेवटी उरलेले शेण वाळवून तोला. उघड्या आणि झाकलेल्या पोंच्या वजनातला फरक हा मुख्यतः तुमच्या माळावरच्या किड्यांच्या कामाचा हिशेब आहे. किड्यांची छायाचित्रे ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’वर ठिकाण आणि तारखेसह टाका. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, पुन्हा मोजा.

ऑस्ट्रेलियाला या किड्याची किंमत तो नसल्यामुळे कळली. आपल्याकडे तो अजून आहे, तोवरच त्याचा हिशेब मांडून ठेवायला हवा.